भाऊंचं पान कोणी लिहायचं? गोव्यातल्या नेत्यांवर विकिपीडियात लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या राजकारण्यांवर विकिपीडियात जे कोणी लिहिता, दुरुस्त्या करता, संदर्भ जोडता, आणि जे रात्री उशिरा येऊन एखादं वाक्य गुपचूप उडवून जाता, त्या सगळ्यांना हे पत्र. मराठीत लिहीत असाल, इंग्रजीत नाहीतर कोकणीत, माणसं शेवटी बरीचशी तीच आहेत. प्रचालकांनाही (म्हणजे विकिपीडियाच्या अॅडमिन मंडळींनाही) आहे पण मुख्य तुम्हाला, कारण प्रचालक मूठभर आणि गोव्यात कोण कोणाचा मेव्हणा हे त्यांना कुठून कळणार.

आधी माझं सांगून टाकतो म्हणजे मागून कुजबुजायला नको. मी फोंडा तालुक्यातला. आजोबा दुसऱ्याच्या शेतात कूळ होते, १९६४ चा कूळ कायदा आला त्यानंतर आमच्या घरात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं नाव कसं घेतलं जायला लागलं ते तुम्हीच समजा, फोटो अजून भिंतीवर आहे. शाळा मराठी, पेपर मराठी, मत बऱ्याच वेळा सिंहाला, म्हणजे भाऊंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो). म्हणजे बांदोडकरांवर लिहायला मी काही तटस्थ माणूस नाही आणि त्यांचे विरोधक, युनायटेड गोवन्स पक्षाचे जॅक सिक्वेरा, यांच्यावर लिहायला तर त्याहून नाही. हे सगळं माझ्या सदस्य पानावर दोन ओळीत लिहून ठेवलंय. त्याने माझं काही बिघडलं नाही, फक्त चर्चा पानावर (लेखातल्या बदलांवर बोलायची जागा) मी काही म्हटलं की लोक ते जरा जास्त तपासून घेतात, आणि घेऊ देत की, बरंच आहे ते.

आता मुद्दा. हितसंबंधांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच एकच चित्र डोळ्यासमोर येतं, कोणीतरी पैसे घेऊन लिहिणारा एजन्सीवाला. तो आहेच, त्याच्यावर पुढे येतो. पण गोव्यात त्याच्यापेक्षा मोठा प्रॉब्लेम म्हणजे फुकट लिहिणारे आपण. चाळीस मतदारसंघांचं राज्य, एकेका मतदारसंघात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार, आमदार लग्नाला येतो, बारशाला येतो, कोणाच्या तरी मुलाला त्याच्या शिफारशीने सरकारी नोकरी लागलेली असते, कोणाची लागता लागता राहिलेली असते आणि तो राग घरात वीस वर्षं टिकतो. इथे अमुक नेत्याशी आपलं काहीच देणंघेणं नाही असं म्हणणारा माणूस शोधून दाखवा. म्हणजे "संबंध असेल त्याने लिहूच नये" असा नियम अक्षरशः लावला तर गोव्याच्या पानांवर लिहायला कोणी शिल्लकच राहणार नाही, मग पुण्यात नाहीतर बेंगळुरूत बसलेला कोणी भला माणूस लिहील आणि सांखळी उत्तर गोव्यात की दक्षिण गोव्यात ते त्याला आधी शोधावं लागेल.

आणि नियम तसा नाहीच मुळी. जरा वाचा तो. संबंध असेल तर उघड सांगा, स्वतः पानाला हात लावू नका, जे बदलायचंय ते संदर्भासकट चर्चा पानावर मांडा, दुसरा कोणीतरी बघून बदल करेल. पैसे घेऊन लिहीत असाल तर कोणाचे घेता ते सांगणं सक्तीचं, जून २०१४ पासून विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) वापराच्या अटींमध्येच ते आहे. इतकं साधं. पण आपल्याकडे नेमकी उलटी पद्धत पडलीय, संबंध लपवायचा आणि पानाला मात्र दोन्ही हातांनी धरायचं.

२०२७ ची विधानसभा आता तोंडावर आहे आणि जी लक्षणं प्रत्येक निवडणुकीच्या आधी दिसतात ती परत दिसतील. नवीन खातं उघडतं, ते एकाच पानावर काम करतं, दुसऱ्या कुठल्याही पानाला कधी शिवत नाही. "लहानपणापासूनच समाजसेवेची आवड" येते. "तरुणांचे आशास्थान" येतं. रस्ता, पूल, फुटबॉल मैदानाचं कुंपण, मार्केटचं छप्पर, सगळं साहेबांच्या नावावर जमा होतं, जणू पीडब्ल्यूडी नावाचं खातं गोव्यात नाहीच. वाढदिवसाच्या बॅनरवरचा मजकूर तसाच्या तसा उतरवलेला असतो, शुभेच्छुक तेवढे कापलेले. आणि त्याच हाताने खाली कुठेतरी असलेली पोलिस केसची ओळ जाते, सारांशात लिहिलेलं असतं "चुकीची माहिती काढली". ओळीला दोन वर्तमानपत्रांचे संदर्भ असतात, ते पण तिच्याबरोबर जातात. हे सगळं इतिहासात दिसतं हो, "इतिहास पहा" वर टिचकी मारली की तारीख, वेळ, खातं, काय काढलं काय घातलं, सगळं समोर येतं. पण उघडून बघतो कोण.

मग विरोधी पार्टीचे लोक जागे होतात आणि ते काय करतात, तर "वाद" नावाचा भाग उघडतात आणि त्यात एवढं भरतात की माणसाचा जन्म, शिक्षण, तीन टर्म आमदारकी सगळं मिळून दहा ओळी आणि वाद चाळीस ओळींचा. कुठल्या तरी सभेत कोणीतरी आरोप केला, तो आरोप. त्यावर दुसऱ्याने प्रेस घेतली, ती प्रेस. मला विचाराल तर हे दोघे एकच काम करतायत, फक्त पगार वेगळीकडून, आणि बऱ्याच वेळा पगार पण नाही, हौस.

केसचं तर वेगळंच सांगायला पाहिजे. तक्रार झाली, एफआयआर झाली, आरोपपत्र दाखल झालं, कोर्टाने आरोप निश्चित केले, शिक्षा झाली किंवा निर्दोष सुटला, वरच्या कोर्टात अपील झालं. या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि आपल्या पानांवर माणूस पहिल्या दुसऱ्या पायरीवरच अडकून बसलेला असतो, कारण एफआयआरची बातमी पहिल्या पानावर येते आणि सुटल्याची आतल्या पानावर, ती जोडायला कोणाला उत्साह नसतो. उलटही होतं, शिक्षा झाली असेल तरी भक्तांच्या हातचं वाक्य "राजकीय सूडबुद्धीने आरोप करण्यात आले" इथेच थांबतं. जिवंत माणसावर लिहिताना विकिपीडियाचे नियम जास्त कडक आहेत त्याला कारण आहे. २००५ मध्ये अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगेनथेलर यांच्या पानावर कोणीतरी गंमत म्हणून लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. साफ खोटं, आणि ते स्वतः रॉबर्ट केनेडींचे एकेकाळचे सहकारी. चार महिन्यांहून जास्त काळ ते तसंच राहिलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी पेपरात लेख लिहून जाहीर केलं तेव्हा गदारोळ झाला आणि त्यानंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळं धोरण आलं. त्यात एक गोष्ट आहे जी आपल्याकडच्या उत्साही लोकांना पटत नाही, की निवडणूक आयोगाच्या साइटवरून उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र डाउनलोड करून त्यातल्या केसेस स्वतः मोजून पानात टाकायच्या नाहीत. त्यावर कोणा विश्वासार्ह पत्रकाराने लिहिलं असेल तर त्याचा आधार घ्या. कारण कागद खरा असला तरी त्याचा अर्थ लावणारे तुम्ही, आणि तुम्ही कोणाच्या बाजूचे ते आम्हाला माहीत नाही.

एक अमेरिकेतलीच गोष्ट सांगतो जी मला फार गोव्याची वाटते. मॅसॅच्युसेट्सचे खासदार मार्टी मीहान १९९२ मध्ये निवडून आले तेव्हा चार टर्मपेक्षा जास्त राहणार नाही असं वचन दिलं होतं. मग राहिले. विकिपीडियावर त्यांच्या पानात ते मोडलेलं वचन लिहिलेलं होतं, तर २००५ मध्ये त्यांच्या ऑफिसातल्या माणसांनी पूर्ण पानच काढून त्याजागी ऑफिसात तयार केलेलं चरित्र ठेवलं, वचन गायब. २००६ च्या जानेवारीत तिथल्या स्थानिक पेपरने ते उघड केलं, मग शोधाशोध झाली तर बाकीच्या अनेक खासदारांच्या ऑफिसांतूनही असेच उद्योग चाललेले निघाले.

आता आपल्याकडे या. २२ जानेवारी २०२२, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ दिली, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही म्हणून. १४ सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार भाजपात गेले. दोन तृतीयांशांपेक्षा जास्त असल्यामुळे पक्षांतर बंदी कायद्यातल्या विलीनीकरणाच्या तरतुदीचा आधार त्यांनी घेतला. आता या आठांच्या पानांवर शपथ लिहायची की नाही? एक बाजू म्हणणार हे बदनामीसाठी चाललंय. दुसरी बाजू म्हणणार "देवालाही फसवणारे" असं लिहा. माझं म्हणणं, तो माणूस त्या दिवशी तिथे हजर होता याला बातमीचा पक्का आधार असेल तर दोन्ही तारखा लिहा, कायद्यातली तरतूद लिहा, त्याने स्वतः दिलेलं कारण त्याच्याच नावावर लिहा, आणि हात काढा. "पक्षप्रवेश करून विकासाला साथ दिली" पण नको आणि "गद्दारी" पण नको. वाचणाऱ्याला देव आहे, दर्गा आहे, अक्कल पण आहे.

पर्रीकरांच्या बाबतीत पण हेच. २०१७ चा निकाल, चाळीसात काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. पर्रीकर संरक्षणमंत्रिपद सोडून आले, १४ मार्चला शपथ घेतली, सुप्रीम कोर्टाने शपथविधी थांबवला नाही पण लगेच बहुमत सिद्ध करायला सांगितलं, १६ मार्चला सभागृहात २२ विरुद्ध १६ असं ते झालं. हे एवढं लिहिलं की पुरे आहे की नाही सांगा. पण नाही, एकाला त्यात "चाणक्यनीती" घालायची असते आणि दुसऱ्याला "जनादेशाची चोरी", आणि मग दोन खाती सहा महिने तेवढ्या एका वाक्यासाठी भांडत बसतात आणि पानातला बाकीचा भाग, खाणबंदीच्या काळातले निर्णय, प्रादेशिक आराखडा, शाळांतल्या शिक्षणाच्या माध्यमाच्या प्रश्नावरची भूमिका, जे गोव्यातल्या पोराला परीक्षेला उपयोगी पडलं असतं, ते रिकामंच राहतं. मला खरा राग याचा आहे.

आता येतो माझ्या दुखऱ्या जागेवर, म्हणजे भाऊंवर, कारण दुसऱ्याला सांगायचं तर स्वतःच्या नेत्यापासून सुरुवात केलेली बरी. गोव्यात आणखी एक गंमत अशी आहे की माणूस कुठल्या भाषेत लिहितो त्यावरूनच लोक त्याची पार्टी ठरवतात. मराठीत लिहिलं म्हणजे विलीनीकरणवादी, गोवा महाराष्ट्रात घालायला निघालेला, कोकणीत लिहिलं, त्यात रोमी लिपीत, म्हणजे सिक्वेरांचा. म्हणजे तोंड उघडायच्या आधीच हितसंबंध जाहीर झाला. आणि काही अंशी ते खरंही आहे, आपल्याला जे साहित्य घरात हाताशी असतं ते एकाच बाजूचं असतं, मग भाऊंवर लिहिताना शाळा, कूळ कायदा, बहुजनांचं राज्य हे भरभरून येतं आणि ते स्वतः खाणमालक होते हे एका शब्दात उरकतं. सिक्वेरांवर लिहिताना बरोबर उलटं होतं, भाटकारांचा (जमीनदारांचा) पक्ष ही ओळ पहिली येते आणि १९६७ ची लढाई त्यांनी कशी लढवली ते दोन वाक्यांत.

पण १९६७ चं नीट बघितलं तर आपल्या या प्रश्नाचं उत्तर तिथेच पडलेलं आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर जनमत कौल घ्यायचं ठरलं. मगोचं म्हणणं स्पष्ट होतं, विलीनीकरण, त्यासाठीच तर पक्ष निघालेला. युनायटेड गोवन्सनी हरकत घेतली की सरकारच एका बाजूचं, आणि तेच सरकार खुर्चीत बसलेलं असताना कौल होणार, मग तो कौल कसला, आधी राजीनामा द्या. आणि बांदोडकर सरकारने ३ डिसेंबर १९६६ ला राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवट आली, १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासितला दोन पानं. केंद्रशासितच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, फरक ३४,०२१. भाऊ हरले. आणि मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच लोकांनी मगोला परत निवडून दिलं, भाऊ परत मुख्यमंत्री.

मला वाटतं ती राजीनाम्याची गोष्ट कोणालाच मनापासून लिहावीशी वाटत नाही. भक्तांना नको, कारण तिच्यामागून पराभव येतो. विरोधकांना नको, कारण ती भाऊंना शोभून दिसते. पण ज्या प्रश्नात आपण पक्षकार आहोत त्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत खुर्ची सोडायची, हे गोव्यात साठ वर्षांपूर्वी होऊन गेलंय, मागणी विरोधकांची असली आणि दबाव असला तरी झालंय. आणि आज साधा पीए साहेबांचं पान सोडायला तयार नाही.

त्या काळचे पेपर संदर्भ म्हणून देताना पण जरा डोळे उघडे ठेवा. गोमन्तक चौगुल्यांनी काढलेला, नवहिंद टाइम्स धेंप्यांचा, दोन्ही खाणमालकांची घराणी. गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूने जोरात होता. राष्ट्रमत विरोधात, उदय भेंब्रे यांचं ब्रह्मास्त्र सदर त्यातलंच. आणि लक्षात घ्या, राष्ट्रमत मराठी पेपर होता! मराठी म्हणजे विलीनीकरण हे समीकरण तिथेच फुटतं, तरी आपण अजून तेच धरून बसलोय. मग संदर्भ द्यायचे नाहीत का, तर जरूर द्यायचे, पण कुठल्या सभेला कोण बोलला, कधी राजीनामा दिला, किती मतं पडली, हे सरळ लिहायचं, आणि "जनतेचा विश्वासघात केला" यासारखं मत असेल तर ते कोणत्या पेपरचं मत ते वाक्यातच सांगायचं. आणि शक्य असेल तिथे दोन्ही बाजूंचे पेपर ठेवायचे.

हे फक्त राजकारण्यांचं नाही. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होरने आमच्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजी महाराज आले, वेढा उठला, मग जुवें बेट घेतलं, व्हाइसरॉयवर इतकी वेळ आली की त्याने सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून प्रार्थना केली असं सांगतात. एकाच महिन्याची हकीगत पोर्तुगीज कागदांत वेगळी दिसते आणि मराठी साधनांत वेगळी, आणि दोन्ही वाचल्याशिवाय काय झालं ते कळत नाही. पण आज संभाजी महाराजांच्या पानावर काही लिहायचं म्हणजे हात कापतात, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला त्या पानावरचा मजकूर काढायची नोटीस पाठवली आणि तिथे लिहिणाऱ्या काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्याच्या आधी २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्थेने दिल्ली हायकोर्टात दावा लावला, आपल्या पानावर ज्यांनी लिहिलं त्यांची ओळख सांगा म्हणून. त्या खटल्यावरचं पानच हायकोर्टाने उतरवायला लावलं होतं, तो आदेश मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला.

हे मुद्दाम सांगतोय कारण मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. एका बाजूला म्हणता संबंध उघड करा आणि दुसऱ्या बाजूला पोलिस दारात येतायत, उघड करून मरायचं का. बरोबर आहे शंका. पण संबंध उघड करणं म्हणजे नाव-गाव-फोन देणं नाही. "मी या पक्षाचा सदस्य आहे", "या आमदाराच्या ऑफिसात काम करतो", "या घराण्याशी नातं आहे" एवढं पुरतं, टोपणनावाने लिहीत असलात तरी चालतं. आणि दुसऱ्याचं नाव शोधून काढून पानावर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोडणं हा तर सरळ बंदी येण्यासारखा प्रकार आहे. गोव्यात हे फार होतं. शैलीवरून ओळखतात, "हा तर अमक्या मास्तरांचा मुलगा", आणि दुसऱ्या दिवशी तिंट्यावर चर्चा. तो मास्तरांचा मुलगा परत कधी लिहीत नाही. त्याने काय लिहिलं ते खरं की खोटं एवढं बघा ना.

आता पैसेवाले. उमेदवारांच्या पीए लोकांनो आणि सोशल मीडिया सांभाळणाऱ्या पोरांनो, "सर तुमचं विकिपीडिया पान बनवून देतो, गॅरंटी" असा मेसेज आला तर सावध रहा. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने एकाच टोळीची ३८१ खाती बंद केली, त्यांचा धंदा असा की आधी पैसे घेऊन पान टाकायचं, मग ते टिकवून ठेवायचे म्हणून परत पैसे मागायचे. आणि आपला माणूस आत प्रचालक म्हणून बसला की निभावेल असं वाटत असेल तर त्याच वर्षी तिथल्या लवाद समितीने (संपादकांमधल्या वादांवर निर्णय देणारी) एका प्रचालकावरच बंदी घातली, एका भारतीय मॅनेजमेंट संस्थेच्या पानाला अनेक वर्षं तो सोयीचं वळण देत होता. पान उघड्यावर आहे, लपत नाही काही, पाच वर्षांनी का होईना कोणीतरी इतिहास उघडतंच आणि मग पानापेक्षा त्या उद्योगाचीच बातमी मोठी होते. साहेबांच्या जन्मतारखेत खरंच चूक असेल, शिक्षण चुकीचं लिहिलं असेल, दुसऱ्याच माणसाची केस त्यांच्या नावावर पडली असेल (गोव्यात एकाच नावाची माणसं किती, नाईक, गावकर, फर्नांडिस नुसते मोजा), तर तुमचा हक्क आहे मागणी करायचा. चर्चा पानावर या, मी साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय म्हणून सांगा, संदर्भ द्या. जिवंत माणसाबद्दल संदर्भ नसलेला आरोप असेल तर तो ताबडतोब काढायचाच असतो, कोणीही अडवणार नाही. त्यासाठी खोटं खातं कशाला पाहिजे.

आणि जे विरोधात आहेत त्यांना एक विनंती. ज्या नेत्याचा तुम्हाला मनापासून राग आहे त्याच्या पानात जी कसोटी लावता तीच तुमच्या नेत्याच्या पानाला लावून बघा. तिथे निनावी फेसबुक पोस्ट संदर्भ म्हणून चालते का? तिथे "सूत्रांच्या माहितीनुसार" चालतं का? नसेल चालत तर इथेही काढा. मी स्वतःपुरतं ठरवलंय की भाऊंच्या पानात जे काही मला बदलावंसं वाटेल ते फक्त चर्चा पानावर मांडायचं, आणि सिक्वेरांच्या पानात टीका तर मी अजिबातच घालणार नाही, त्यांच्या कामाचे संदर्भ मिळाले तर तेवढे चर्चेत ठेवणार. कोकणीतून लिहिणाऱ्या कोणी बाबान नाहीतर बायन भाऊंच्या पानासाठी असंच केलं तर दोन्ही पानं वाचण्यासारखी होतील.

प्रचालकांकडे एवढंच मागणं, निवडणुकीची आचारसंहिता लागली की गोव्यातल्या उमेदवारांच्या पानांवर नवीन खात्यांना काही आठवडे थेट बदल करता येणार नाहीत असं अर्धसुरक्षित करून ठेवा, सगळ्या पक्षांच्या सगळ्या उमेदवारांची सरसकट, एकदोघांची नको, नाहीतर तोच नवीन वाद. आणि चर्चा पानावर कोणी प्रामाणिकपणे संबंध सांगून विनंती ठेवली तर ती महिनोन्महिने तशीच पडून राहू देऊ नका. उघडपणे आलेल्या माणसाला उत्तर मिळत नाही आणि चोरून आलेल्याचं काम दोन मिनिटांत होतं, असं असलं तर उघडपणे कोण येणार सांगा. गोव्यातले पाच-सहा जण वेगवेगळ्या बाजूंचे मिळून या विनंत्या बघायला तयार झालो तर तुमचाही भार कमी होईल, मी चावडीवर (विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर) तसा प्रस्ताव ठेवलाय, त्यावर बोला, नावं सुचवा. माझ्या बाजूचा मी आहेच. दुसऱ्या बाजूचा पाहिजे.

बाकी १९६६-६७ चे राष्ट्रमत आणि गोमन्तक दोन्ही शेजारी शेजारी ठेवून राजीनाम्याच्या आठवड्यातल्या बातम्या काढायच्या आहेत. त्यासाठी पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन जुन्या फायली कशा बघता येतात ते विचारायचंय. मला शनिवारी सकाळी जमतं. सिक्वेरांच्या बाजूचा कोणी आला तर उत्तम, गोमन्तक त्याने वाचावा आणि राष्ट्रमत मी वाचतो. येणार असाल तर चावडीवरच सांगा.

आपला,
फोंड्यातला एक सदस्य (मगोच्या घरातला)